कर्मणी बेंजो, कर्तरी आवाज

गणपतीच्या मिरवणुकीत किंवा वरातीपुढे वाजणारा बेंजो आपण सर्वांनीच ऐकलेला असतो. पण हे वाद्य मूळचे जपानी, हे किती वाचकांना ठाऊक असेल? १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने टंकयंत्रासारख्या कळा आणि तारा यांची सांगड घालून ‘तैशोगोतो’ तयार केले. आपल्याकडे त्याचे गोड नाव पडले बुलबुलतरंग. आणि रस्त्यावर उतरल्यावर एका भलत्याच पाश्चात्त्य वाद्याचे नाव घेऊन ते ‘बेंजो’ झाले. ढोलताशाच्या गदारोळात त्याच्या तारा ऐकणार कोण? म्हणून त्याला गिटारसारखा पिकअप बसला.

आमच्या लासलगावातल्या एका बेंजो पार्टीचा वादक माझा जुना विद्यार्थी आहे. व्याकरणाच्या तासाला तो बाकावर बोटांनी ठेका धरीत असे. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी तो मला म्हणाला, “सर, आमचा पिकअप पॅसिव्ह आहे. पोरं म्हणतात, हा काढून टाक, ॲक्टिव्ह बसव.”

‘पॅसिव्ह’ म्हटल्याबरोबर मला कर्मणी प्रयोग आठवला. मराठीच्या मास्तराला दुसरे काय आठवणार! पण प्रश्न व्याकरणाचा नव्हता. तो पिकअप त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेला होता, आणि वडील आता नाहीत. शिवाय नव्याला पैसे हवेत. आमच्या गावात लग्नाची सुपारीसुद्धा कांद्याच्या भावावर ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा पक्क्या झालेल्या सुपाऱ्या लोकांनी मोडल्या. ते पोरे अजून विसरलेली नाहीत. वर्गणी काढायला कोणी तयार नव्हते आणि जुन्या आवाजावर कोणी खूश नव्हते.

भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना मी मध्ये घातले. त्यांच्याकडून जे समजले ते असे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की वेढ्यांत किंचित वीज जन्मते. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो; पण तो मोठा होतो तसा नाजूकही होतो. पुढे लांब केबल जोडली, की ती आवाजातली वरची चमक खाऊन टाकते. मिक्सरच्या ज्या खोबणीचा रोध जेमतेम दहा हजार ओहम असतो, तिच्यात हा पिकअप थेट खुपसला, तर बेंजो गोधडीखालून बोलू लागतो. आमच्या पार्टीची केबल बेंजोपासून गाडीवरच्या मिक्सरपर्यंत थेट जात होती!

ॲक्टिव्ह पिकअपात वेढे कमी असतात, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक त्याच्या पोटातच असतो. कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या ईएमजी कंपनीने हे पिकअप गिटारवाल्यांत रुळवले. त्यांचा आवाज स्वच्छ, सपाट, थोडासा दाबून बसवल्यासारखा. खरखर कमी आणि लांब केबलची फारशी पर्वा नाही.

मग हा गुण जुन्या पिकअपाला उसना देता येईल का? बराचसा येतो, मात्र सुरुवात पिकअपाजवळच करावी लागते. शेतातून निघालेल्या ट्रॉलीतला कांदा वाटेत सांडला, तर लिलावात मोठ्याने बोली लावून तो परत येत नाही. केबलीने खाल्लेली चमक प्रोसेसरने ओढून आणता येते, पण तिच्याबरोबर खरखरही येते. म्हणून बेंजोला लागूनच, वीतभर केबलीवर, ‘बफर’ नावाची एक डबी बसवली. तिचा आतल्या बाजूचा रोध दहा लाख ओहम, म्हणून ती पिकअपावर भार टाकत नाही. आणि पुढची लांब केबल ओढायला ती समर्थ असते.

त्यानंतर प्रोसेसर. पॅसिव्ह पिकअपाच्या आवाजात तीन-चार हजार कंपनांच्या आसपास एक उंचवटा असतो, तो दोन-तीन डेसिबलने उतरवला. शंभराखालचा घुमारा कापला. मग कॉम्प्रेसर, तोही बेताने, आणि प्रतिध्वनीच्या आधी; नंतर ठेवला तर तो प्रतिध्वनीच फुगवतो. कॉम्प्रेसरने बारीक आवाज वर येतात, त्यांत विजेची पन्नास कंपनांची गुणगुणही येते. त्यासाठी पिकअपाच्या खोबणीत आतून तांब्याचा पत्रा लावून तो अर्थिंगच्या तारेला जोडला. हे काम मात्र कोणताही प्रोसेसर करीत नाही. तिथे कात्री आणि डाखच हवा.

पोरांची परीक्षा आम्ही जरा कपटाने घेतली. कोणी जाणकाराने मागून आणलेली ॲक्टिव्ह पिकअपाची गिटार आणि हा बेंजो, एकच चाल, आवाजाची पातळी सारखी करून ध्वनिमुद्रित केली. पातळी सारखी करणे महत्त्वाचे, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. ‘ॲक्टिव्ह’च्या कौतुकातला निम्मा वाटा त्याचाच असावा असे माझे मत आहे. दोन्ही वाद्ये निराळीच, तेव्हा सूर एक झाला नाही. पण स्वच्छपणात बेंजो मागे राहिला नाही, हे पोरांनी कबूल केले.

एक गोष्ट साधली नाही. गुणगुण थांबवायला प्रोसेसरात ‘गेट’ असते. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ते दार लावून घेते. पण बेंजोच्या बाजूच्या साथीच्या तारा चाल संपल्यावरही रेंगाळत असतात, आणि गेट त्यांचाच गळा दाबू लागले. वादकाने एकदा ऐकले, मान हलवली आणि गेट बंद केले. थोडी गुणगुण चालेल, म्हणाला; वडिलांच्या पिकअपालाही होतीच. वर्गणी निघाली ती बफरच्या बॅटऱ्यांपुरती.