कुलूपबंद डिस्क उघडत नाही तेव्हा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या भागात किती वह्या-पासबुकं भिजली, ते आपण पाहिलंय. म्हणून आता बऱ्याच गटांचं दप्तर कॉम्प्युटरवर असतं आणि त्याची एक नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्यात बायकांचे आधार नंबर, बँक खाती, कर्जाचे हिशेब असतात, म्हणून डिस्कला पासवर्डचं कुलूप लावतात. विंडोजमध्ये या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. पण ऐन वेळी डिस्क उघडलीच नाही तर?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. पडद्यावर ‘डिस्क फॉर्मॅट करायची का?’ असं आलं तर ‘नाही’ म्हणा. फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणं. कॉम्प्युटरला डिस्क वाचता आली नाही की तो असं विचारतो. आतला हिशेब गेला, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग आधी वायर बदलून बघा. डिस्क दुसऱ्या खाचेत लावा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. आतून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा लावू नका, जाणकाराला दाखवा. पुरात भिजलेली डिस्क तर लावून बघूच नका.

डिस्क दिसते, पण पासवर्ड चालत नाही? कॅप्स लॉक चालू आहे का, कीबोर्ड मराठीवर आहे का, ते बघा. पासवर्डच आठवत नसेल, तर ४८ आकड्यांची ‘रिकव्हरी की’ लागते. कुलूप लावतानाच कॉम्प्युटर ती जपून ठेवायला सांगतो. तेव्हा फाईलमध्ये ठेवली होती की कागदावर छापली होती, ते शोधा. पासवर्डही नाही आणि कीही नाही, तर दुकानदार काय, कंपनीसुद्धा कुलूप उघडू शकत नाही.

म्हणून डिस्क उघडतेय तोवरच ती की छापून घ्या. एक कागद अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंचावर. डिस्कसोबत मात्र ठेवू नका.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा मिळतो, ४३ फुटांना धोका. मधे आवराआवर करायला वेळ मिळतो. डिस्क असा इशारा देईलच असं नाही. तेव्हा दर महिन्याच्या बैठकीत ती एकदा उघडून बघायची, एवढं ठरवून टाका.