प्रतिमांचा परस्पर निर्देश आणि त्याचा प्रतिबंध

एखाद्या ग्रंथातील मजकूर आपल्या ग्रंथात उतरवून घेणे आणि 'अमुक ग्रंथाचे अमुक पृष्ठ पाहावे' असे वाचकास सांगणे, ह्या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीस अवतरण म्हणतात, दुसरीस निर्देश. छापील ग्रंथांच्या व्यवहारात त्यांची गल्लत होण्याचा संभव नव्हता. कारण केवळ निर्देश केल्याने दुसऱ्या ग्रंथाचे पृष्ठ आपोआप येऊन वाचकाच्या हाती पडत नसे. महाजालावर चित्रांच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. एका संकेतस्थळाच्या पानावर दिसणारे चित्र त्या स्थळाने आपल्याजवळ ठेवलेले नसते; ते दुसऱ्याच्या सर्व्हरवरून, दुसऱ्याच्या खर्चाने, पान उघडले जाईल त्या प्रत्येक वेळी मागविले जाते. इंग्रजीत ह्या प्रकाराला हॉटलिंकिंग हे नाव आहे. 'प्रतिमाचौर्य' असा मराठी शब्द चटकन सुचतो, परंतु तो अर्थाला सोडून जातो. चोरीत वस्तू जागची हलते आणि नकलेत तिची दुसरी प्रत निर्माण होते. येथे दोहोंपैकी काहीच होत नाही. म्हणून ह्या लेखात 'परस्पर निर्देश' हीच संज्ञा वापरली आहे.

ही क्रिया शक्य का होते, हे पानाच्या रचनेवरून कळते. महाजालावरील पान वाचकाला एकसंध दिसत असले, तरी ब्राउझरकडे प्रथम येतो तो केवळ मजकूर. चित्राच्या जागी त्यात एक खूण व एक पत्ता असतो. ब्राउझर तो पत्ता वाचतो व चित्रासाठी स्वतंत्र मागणी करतो. पत्ता पानाच्याच सर्व्हरचा असला पाहिजे, असा नियम नाही. चित्रासाठी ही खूण मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचविली, तेव्हापासून ही मोकळीक तिच्या रचनेतच आहे. परस्पर निर्देशाला तांत्रिक दोष म्हणता येत नाही, ते ह्यामुळे. महाजालाच्या व्याकरणाला तो पूर्णपणे संमत आहे. प्रश्न उद्भवतो तो औचित्याचा आणि खर्चाचा.

खर्चाचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूर-पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्यात, चिंचोळी (काटी) येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथील एखाद्या टॉवेल-कारखानदाराने परगावच्या व परदेशच्या गिऱ्हाइकांसाठी संकेतस्थळ उभारले, छायाचित्रकाराला पैसे देऊन मालाची स्वच्छ चित्रे काढविली आणि ती तेथे मांडली, असे समजा. दूरच्या शहरातील एखाद्या विक्रेत्याने त्यांतील एका चित्राचा पत्ता आपल्या पानात लिहिला. चित्र ४०० किलोबाइटचे असेल आणि विक्रेत्याचे पान महिन्यातून १०,००० वेळा उघडले जात असेल, तर कारखानदाराच्या सर्व्हरवरून सुमारे ४ गिगाबाइट माहिती ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशा लोकांकडे वाहून जाते. अशी चित्रे पन्नास असली, तर हाच आकडा २०० गिगाबाइटवर जातो. मासिक मर्यादा ठरवून जागा भाड्याने घेतलेल्या लहान उद्योजकाचे संकेतस्थळ महिना संपण्यापूर्वीच बंद पडू शकते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की, पीठही रोज नव्याने दळून द्यावे लागते.

ह्याहून गंभीर हानी अर्थाच्या क्षेत्रातील आहे. चित्राखाली नाव कोणते लिहावे, हे निर्देश करणाऱ्याच्या हाती असते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ह्या दोन्ही नावांना १९९९ च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते संरक्षण नावाचे आहे, छायाचित्राचे नव्हे. अस्सल मालाचे चित्र दाखवून भलताच माल विकणारा विक्रेता 'सोलापुरी' हा शब्द टाळूनही गिऱ्हाइकाच्या मनात तोच अर्थ उभा करू शकतो.

प्रमाणाचा प्रश्न केवळ लहानांपुरता नाही, हे भारताशी निगडित असलेल्या एका घटनेने दाखवून दिले आहे. विकिमीडियाच्या तंत्रज्ञांना फेब्रुवारी २०२१ मध्ये असे आढळले की, अ‍ॅस्टर जातीच्या एका फुलाच्या छायाचित्राला भारतातून दररोज सुमारे ९ कोटी मागण्या येत आहेत आणि सिंगापूर येथील केंद्राकडे चित्रादी सामग्रीसाठी येणाऱ्या एकूण मागण्यांचा जवळजवळ पाचवा हिस्सा ह्या एकाच फुलाने व्यापला आहे. शोधाअंती मूळ सापडले ते भारतात लोकप्रिय झालेल्या एका मोबाइल अ‍ॅपमध्ये. ते अ‍ॅप उघडताना हे चित्र मागवी. वापरणाऱ्याला मात्र ते दिसतही नसे. विकिमीडिया कॉमन्सवर परस्पर निर्देशाला मुळात मुभा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. मुभा देणाऱ्यालाही मुभेची मर्यादा कोठे तरी आखावी लागते.

प्रतिबंधाचा सर्वांत जुना व आजही सर्वाधिक प्रचारात असलेला उपाय एका प्रश्नावर आधारलेला आहे : 'तुला येथे कोणी पाठविले?' चित्र मागताना ब्राउझर सामान्यतः एक ओळ जोडतो आणि आपण कोणत्या पानावरून, किंवा निदान कोणत्या स्थळावरून, आलो ते तीत सांगतो. त्या ओळीचे नाव रेफरर. भाषेच्या अभ्यासकाला ह्या नावाचा इतिहास मनोरंजक वाटावा. इंग्रजी लेखननियमाप्रमाणे ह्या शब्दाच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर दोनदा लिहावे लागते. फिलिप हॅलम-बेकर यांच्या मूळ प्रस्तावात ते एकदाच लिहिले गेले आणि मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या विनिर्देशात तसेच कायम झाले. त्या वेळच्या युनिक्समधील शुद्धलेखन-तपासनिसाला दोन्ही रूपे सारखीच अपरिचित होती, असे सांगतात. पुढे ह्या ओळीचे नियमन करणारा 'रेफरर-पॉलिसी' हा वेगळा निर्देश आला, तेव्हा त्यात मात्र शुद्ध रूप योजले गेले. परिणामी एकाच व्यवस्थेत एकाच शब्दाची दोन लेखनरूपे प्रमाण ठरली आहेत. ह्याचे व्यावहारिक फळ असे की, सर्व्हरच्या नियमात कोणी शुद्धलेखनाच्या आग्रहाने 'आर' दोनदा लिहिला, तर सर्व्हर चूक दाखवीत नाही. नियम निमूटपणे निष्फळ होतो. अशुद्ध रूप हेच शुद्ध होण्याचे इतके निखळ उदाहरण क्वचितच सापडेल.

अपाची व एंजिन-एक्स ह्या दोन प्रमुख सर्व्हर-प्रणालींत हा नियम थोड्या ओळींत लिहिता येतो. मागणी चित्राची असेल आणि रेफररमध्ये आपल्या अथवा अनुमत स्थळाचे नाव नसेल, तर नकार द्यावा, एवढाच त्याचा आशय. अडचण निर्माण होते ती ओळ रिकामी असते तेव्हा. रिकामी ओळ लबाडीचेच लक्षण असते असे नाही. वाचकाने पत्ता स्वतः लिहिला असेल, कार्यालयाच्या सुरक्षा-यंत्रणेने ओळ पुसली असेल, अथवा चित्र पत्रातून उघडले जात असेल. डिसेंबर २०१३ पासून जीमेल पत्रातील चित्रे गूगलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आणते. तेव्हा रिकामी ओळ सरसकट नाकारणाऱ्या कारखानदाराने परदेशच्या व्यापाऱ्याला धाडलेल्या दरपत्रकातील आपलीच चित्रे तो बंद करून बसण्याचा संभव अधिक. म्हणून मौनाला संमती समजणे, हा ह्या नियमातील रूढ संकेत आहे. शोधयंत्रांची नावे अनुमत यादीत घालण्यास विसरणे हीदेखील नेहमीची चूक होय. तीमुळे चित्रे शोधातूनच नाहीशी होतात.

परंतु ह्याच संकेतात नियमाचा दुबळेपणा आहे. रेफरर हे येणाऱ्याचे स्वतःविषयीचे विधान आहे. भारतीय ज्ञानमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर ते शब्दप्रमाण होय, आणि त्याचे मूल्य वक्ता आप्त असण्यावर अवलंबून आहे. ब्राउझर बहुधा आप्त असतो. त्याला कामाला लावणारे पान तसे असेलच असे नाही. निर्देश करणारा आपल्या चित्राच्या खुणेत 'रेफरर पाठवू नये' अशी एक सूचना घालतो आणि ब्राउझर ती इमानाने पाळतो. मग सर्व्हरला मौनाखेरीज काहीच ऐकू येत नाही. ब्राउझर नसलेला प्रोग्राम तर हवे ते नाव सांगू शकतो. एंजिन-एक्सच्या अधिकृत माहितीपत्रात ह्या मर्यादेची स्पष्ट कबुली आहे : खोटी ओळ रचणे सोपे असून, साध्या ब्राउझरांकडून येणारा मोठा लोंढा अडविणे एवढाच ह्या साधनाचा हेतू आहे. ही कबुली प्रामाणिक आहे. बाजारातील सल्लागार ह्याच उपायाला 'संपूर्ण संरक्षण' म्हणतात, तेव्हा ते शब्दाचा गैरवापर करतात.

अलीकडच्या काळात प्रश्नाची दिशा बदलणारे दोन उपाय पुढे आले आहेत. पहिल्यात ब्राउझर 'ही मागणी स्वस्थळीची आहे की परस्थळीची' हे स्वतःच एका वेगळ्या ओळीत सांगतो, आणि ती ओळ पुसण्याचा अधिकार पानाला नसतो. २०२३ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय आली. मात्र ती सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या, पत्त्यांपुरती आहे. दुसऱ्यात सर्व्हर चित्रासोबत 'हे केवळ माझ्याच स्थळावर दाखवावे' अशी आज्ञा पाठवितो व ब्राउझर ती अंमलात आणतो. दुसऱ्याने दर्शन थांबते, परंतु उत्तर निघून चुकलेले असल्याने खर्च पूर्णपणे वाचतोच असे नाही. पहिल्याने तो वाचतो. म्हणून दोन्हींची जोड द्यावी लागते. ह्यांपलीकडचा उपाय म्हणजे पत्त्यातच मुदत व गुप्त स्वाक्षरी गुंफणे. मुदत सरली की पत्ता निरर्थक होतो. हा उपाय खरोखर बळकट आहे. पण चित्राचा कायम पत्ता नाहीसा होत असल्यामुळे ज्या विद्यापीठीय संग्रहांतील हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा संदर्भ प्रबंधांत द्यावयाचा असतो, त्यांना तो मुळीच मानवणारा नाही.

काही स्थळचालक नकार न देता चित्रच बदलतात. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील सिनेटर जॉन मॅकेन यांच्या प्रचारपथकाने मायस्पेस येथील त्यांच्या पानावर माइक डेव्हिडसन यांनी रचलेला साचा वापरला आणि त्यातील चित्रे डेव्हिडसन यांच्याच सर्व्हरवरून मागविली. डेव्हिडसन यांनी एक चित्र बदलले, आणि समलिंगी विवाहाबाबतची आपली भूमिका सिनेटरांनी पालटली असल्याची घोषणा त्यांच्याच पानावर झळकली. निर्देशकाचे वाक्य तेच राहिले, निर्दिष्ट मात्र पालटले. अवतरण आणि निर्देश ह्यांतील भेद ह्याहून स्पष्टपणे दाखविणे कठीण आहे : अवतरण करणारा आपल्या प्रतीचा धनी असतो, निर्देश करणारा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असतो. चिंचोळीच्या कारखानदाराने तरी हा मार्ग अवलंबू नये. खोट्या विधानाचे उत्तरदायित्व ते उच्चारणाऱ्यावरच येते, आणि जुनी प्रत ब्राउझरने साठवून ठेवली असल्यास बदललेले चित्र स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दिसण्याचाही धोका असतो.

कायद्याच्या क्षेत्रातही वाद ह्याच भेदावर चालला आहे. 'पर्फेक्ट टेन' विरुद्ध 'अ‍ॅमेझॉन' ह्या २००७ च्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने, ज्याच्या सर्व्हरवर प्रत आहे तोच चित्राचे प्रदर्शन करतो, असा दंडक मानला. २०२३ मध्ये इन्स्टाग्रामविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये तो नाकारला होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एका जर्मन ग्रंथालयाशी संबंधित प्रकरणात निराळा निकष दिला : हक्कदाराने परस्पर निर्देशाविरुद्ध परिणामकारक तांत्रिक उपाय योजले असतील, तर ते डावलून केलेले दर्शन हे नव्या लोकसमुदायापुढील प्रसारण ठरते आणि त्यास अनुमती लागते. ह्या निकालाने सर्व्हरवरील नियमाला हक्कदाराच्या विधानाचा दर्जा दिला, असे म्हणता येईल.

भारतीय प्रताधिकार अधिनियम १९५७ चा आहे. छायाचित्र त्यात कलाकृती गणले जाते. त्याची प्रत करणे व ते लोकांपर्यंत पोहोचविणे हे हक्कदाराचे दोन वेगळे अधिकार आहेत. परस्पर निर्देश पहिल्यात बसत नाही. दुसऱ्यात बसतो की नाही, हा अन्वयार्थाचा प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये जो अपवाद घातला, तो येथे निर्णायक ठरण्याजोगा आहे. इलेक्ट्रॉनिक दुवे देण्यासाठी, कृती उपलब्ध करण्यासाठी किंवा तिचे एकत्रीकरण करण्यासाठी होणारी क्षणिक अथवा आनुषंगिक साठवण त्याने निर्दोष मानली. परंतु हक्कदाराने तसे दुवे देणे व्यक्तपणे निषिद्ध केलेले नसेल तरच. 'व्यक्तपणे' ह्या क्रियाविशेषणावर सारा भार आहे. केवळ नकार देणारा सर्व्हर व्यक्तपणे बोलतो काय? यंत्राच्या नकाराला कारण नसते. चित्र सापडले नाही एवढेच समोरच्याला दिसते. तेव्हा संकेतस्थळाच्या अटींत, माणसाला वाचता येईल अशा एका वाक्यात, परस्पर निर्देशास मनाई लिहिणे अगत्याचे आहे, आणि ते वाक्य कोणत्या दिवशी घातले त्याची नोंद ठेवणेही. कोणत्या स्थळावरून किती मागण्या आल्या, हे सर्व्हरच्या दैनंदिन नोंदवहीत रेफररसह आपोआप लिहिले जाते. परंतु जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या ह्या नोंदी सहसा फार काळ ठेवीत नाहीत. चिंचोळीच्या कारखानदाराला पुढेमागे वकिलाकडे जावयाचे असेल, तर त्या दर महिन्याला उतरवून घेणे त्याच्याच हिताचे आहे.