मोटारीच्या पोटातले मधाचे पोळे

गेल्या पावसाळ्यात तलासरीचा माझा एक जुना विद्यार्थी डहाणूला घरी आला. एके काळी वेगासाठी नावाजलेली, २००२ सालची पेट्रोल मोटार त्याने हौसेने सांभाळली आहे. "सर, मेंढवण खिंडीचा चढ आला की गाडीला धाप लागते. मिस्त्री म्हणतो, कन्व्हर्टर काढून नुसती नळी जोडू, म्हणजे मस्त पळेल."

"अरे, पळेल, पण मागे काय सोडत जाईल?" मी विचारले.

इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये धुराच्या नळीवर एक पोलादी डबा असतो. तोच कन्व्हर्टर. त्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्याप्रमाणे आरपार भोके असलेली वीट असते. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे सूक्ष्म कण असतात. ते उत्प्रेरकाचे काम करतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, उरलेले पेट्रोल जळून जाते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन मिळतो. धातू मात्र खर्च होत नाहीत. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. शिसे या धातूंवर बसले की उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आले.

मग धाप का लागली? डबा लाकडी हातोडीने ठोकला, तर आत खुळखुळ वाजले. एका प्लगची ठिणगी चुकत होती. न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटत होते आणि त्या उष्णतेने वीट वितळून भोके बुजली होती. तेव्हा आधी प्लग बदलायचा. नाही तर नव्या विटेचीही तीच गत!

आता नवी वीट कोणती? बाजारात चौरस इंचाला ४०० भोकांची मिळते, तशी 'जोरदार' गाड्यांसाठी २०० भोकांचीही. हिशेब तुम्हीच करून पाहा. ४०० म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२ भोके. एकाची बाजू १.१ मिलिमीटर, म्हणून परिघ ०.४४ सेंटिमीटर. ६२ ला ०.४४ ने गुणा : एका घन सेंटिमीटर विटेत सुमारे २७ चौरस सेंटिमीटर भिंत! लिटरभर विटेत २.७ चौरस मीटर, म्हणजे एका पलंगाहून जास्त. २०० भोकांच्या विटेत भोक १.६ मिलिमीटरचे, भिंत भरते सुमारे २ चौरस मीटर. पृष्ठभाग पाव हिश्शाने घटला. उलट, अरुंद नळीतला अडथळा रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तो जवळजवळ निम्मा झाला. वेगवाल्यांना मोह पडतो तो इथे.

पण नुसती भोके मोजून भागत नाही. भिंतीवर धातू किती, हे डोळ्यांना दिसत नाही. फार स्वस्त डब्यात तो नावापुरताच असतो, आणि असा डबा लवकर थकतो. शिवाय उत्प्रेरकाला कामाला लागायला सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. डबा इंजिनापासून दूर सरकवला, तर निघाल्यावर पहिली काही मिनिटे धूर तसाच बाहेर. ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही मूळ जागीच हवा, कारण हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राहिले तरच तिन्ही क्रिया एकदम साधतात.

त्याने प्लग बदलले आणि मूळ जागी, मूळ आकाराचा, ४०० भोकांचा डबा बसवला. पीयूसीला त्याच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के; कागदावर ०.२ आला. खिंडीत धाप लागत नाही. २०० वाला घेतला असता तर आणखी पळाली असती, असे तो अजून म्हणतो.