गिरणीच्या खिडकीत डकवलेल्या कविता

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री म्हटलं की आपल्याकडे बोलणं एमिली डिकिन्सनपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. माझा जीव मात्र वर्षानुवर्षं ल्युसी लारकममध्ये अडकला आहे.

चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म १८२४, मॅसॅच्युसेट्समधलं बेव्हर्ली. वडील जहाजाचे कप्तान. ते गेल्यावर आईनं लोवेल या गिरण्यांच्या गावात कामगार मुलींचं वसतिगृह चालवायला घेतलं. ल्युसी पुढे इलिनॉयला जाऊन शिकली, शिक्षिका झाली, मुलांच्या मासिकाची संपादक झाली. १८९३ मध्ये वारली.

आता गिरणीत शिरू. अकराव्या वर्षी ती भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवायच्या कामाला लागली. पहाटे घंटा झाली की हजर, सुटका संध्याकाळी सातला. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, त्यासाठी खिडक्या बंद. आत पुस्तक न्यायला मनाई. मुली बायबल लपवून आणत, तर मुकादम तेही जप्त करी. त्याचं टेबल बायबलांनी भरलेलं असे! ल्युसीनं वाट काढली. वर्तमानपत्रांतल्या कविता कापून तिनं आपल्या खिडकीच्या कडेला डकवल्या आणि हात चालू ठेवून त्या पाठ केल्या.

लोवेलला बूट मिल या गिरणीच्या संग्रहालयात विणकामाचे जुने साचे आजही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे देतात. मी ते मुद्दाम काढून पाहिले. पायाखालची फळी थरथरत होती आणि शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसत होते. त्या गदारोळात बारा-तेरा तास उभं राहून एक पोर कविता घोकत होती!

गिरणीतल्या मुलींच्या लेखनाचं 'लोवेल ऑफरिंग' हे मासिक १८४० मध्ये निघालं. १८४२ मध्ये आलेले चार्ल्स डिकन्स त्यावर खूश झाले. सारा बॅगली या लढाऊ कामगार पुढारी मात्र म्हणत, की हे मासिक मुलींचे हाल झाकतं. बॅगलींचं म्हणणं मला पटतं. ल्युसी गिरणीतल्या संपांपासून लांबच राहिली. तो तिचा उणेपणाच.

पण तिची 'वीव्हिंग' ही कविता वाचा. साच्यापाशी उभ्या विणकर बाईला आठवतं, की हातातला कापूस दक्षिणेतल्या गुलाम बायांनी वेचलेला आहे. आपल्या मजुरीचा धागा त्यांच्या गुलामीशी जोडलेला आहे, हे तिला दिसतं. त्या धाग्याचं एक टोक आपल्यापर्यंतही येतं: १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लोवेलच्या गिरण्या थंडावल्या आणि लिव्हरपूलला कापूस धाडून मुंबईचे व्यापारी गब्बर झाले.

एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. कवी व्हिटियर तिचे स्नेही. 'चाइल्ड लाइफ' आणि 'साँग्ज ऑफ थ्री सेंच्युरीज' या संकलनांसाठी तिनं अफाट खपून कविता जमवल्या. मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव आलं व्हिटियर यांचं. तिनं लग्न केलं नाही, लेखणीवर पोट भरलं. अशा बाईला त्या नावाचं मोल किती असेल!

तिच्या सगळ्याच कविता टिकल्या नाहीत. पुष्कळ बाळबोध आणि भाविक आहेत. आत्मकथन मात्र अव्वल आहे. १८८९ चं 'अ न्यू इंग्लंड गर्लहूड' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. सगळं वाचायला सवड नसेल तर थेट सातवं प्रकरण उघडा. गिरणी तिथून सुरू होते.