वजनकाट्यावर सुख मोजू नका

काही वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणारी एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. चक्कर येते, पायांत गोळे येतात, अशी तक्रार. वर्षभरात वजन सहा किलोंनी उतरले होते. ‘छान! असेच चालू ठेव,’ म्हणून मी पाठ थोपटली आणि टॉनिक लिहून दिले. ती माझी चूक होती.

महिन्याने ती पुन्हा आली. या वेळी नीट तपासले. कानांखाली गाल सुजलेले, उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दात झिजलेले. रक्तात पोटॅशियम कमी. आईला बाहेर बसवून विचारले, तेव्हा ती रडू लागली. दिवसभर उपाशी राहायचे, रात्री सगळे झोपले की चिवडा, लाडू, उरलेल्या पोळ्या, हाताला लागेल ते भराभर खायचे आणि घशात बोटे घालून ओकून टाकायचे. ‘पन्नास किलो झाले की मी सुखी होईन, डॉक्टरकाका,’ ती म्हणाली.

या आजाराला बुलिमिया म्हणतात. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. यात वजन बहुधा बेताचेच असते, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. पण वारंवार ओकल्याने पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि जिवावरही बेतू शकते. हा हावरटपणा नव्हे. उपाशी शरीर अन्नावर तुटून पडते, मग लाज वाटते, मग पुन्हा उपास!

हे चक्र जेवणानेच तुटते. दर तीन-चार तासांनी, ठरलेल्या वेळी, शक्यतो घरच्यांबरोबर बसून खावे. ओकल्यावर लगेच दात घासू नयेत, पाण्याने चूळ भरावी. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी गुण येतो. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या मुलीला सावरायला दीड वर्ष लागले. मध्ये दोनदा घसरलीही. वजन पन्नासवर काही आले नाही. परवा भेटली तेव्हा म्हणाली, ‘मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत बसून दोन जिलब्या खाल्ल्या, काका, आणि रात्री शांत झोपले.’

पालकहो, मुलीचे वजन उतरले म्हणून कौतुक करण्याआधी ती जेवते कशी, ते पाहा. मीही आता आधी तेच विचारतो.