रॅम्झीच्या उपसागरातलं रेडिओचं भांडण

1964 च्या उन्हाळ्यात एक जुनी डॅनिश प्रवासी बोट आइल ऑफ मॅन बेटाजवळ नांगर टाकून उभी राहिली. जागा हिशेबानं निवडली होती: रॅम्झीच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन मैलांवर. सागरी हद्द तेव्हा तीनच मैलांची होती. वरच्या अर्ध्या मैलात ब्रिटनचा परवाना नसला तरी चालत होतं, आणि तेवढ्या बळावर ‘रेडिओ कॅरोलाइन नॉर्थ’ दिवसभर पॉप गाणी वाजवू लागलं. रोनन ओ’राहिली या आयरिश तरुणानं हा उद्योग त्याच वर्षीच्या ईस्टरला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सुरू केला होता. बीबीसीवर तरुणांना हवी ती गाणी मोजूनमापून मिळायची, त्यामुळे श्रोत्यांची वाण नव्हती. आपल्याकडेही नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली तेव्हा लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावलं होतं.

बेटाचं मात्र बोटीशी बरं जमलं. कॅरोलाइनवर आइल ऑफ मॅनचा फुकट गाजावाजा होई, आणि पर्यटनावर जगणाऱ्या बेटाला त्यात वावगं काय वाटणार? शिवाय एक जुनी सल होती. बेटाला स्वतःचं दमदार व्यापारी केंद्र हवं होतं. पण बिनतारी संदेशाचा कायदा लंडनचा, परवानाही लंडनचाच. त्याच 1964 च्या जूनमध्ये ‘मॅन्क्स रेडिओ’ सुरू झाला खरा, पण त्याचा आवाज बेटाबाहेर फारसा जाऊ नये अशी तजवीज करूनच.

आइल ऑफ मॅन हा युनायटेड किंग्डमचा भाग नाही. बेट ब्रिटिश राजमुकुटाचं, पण संसद त्याची स्वतःची, ‘टिनवाल्ड’. हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्या या संसदेतल्या ‘हाउस ऑफ कीज’ या सभागृहात 24 सदस्य. घरचा कारभार बेटानं पाहायचा, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडननं, अशी वहिवाट. रेडिओच्या लहरी यातल्या कुठल्या खात्यात बसवायच्या, हाच वादाचा मुद्दा.

हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारनं 1967 मध्ये सागरी प्रसारणाविरुद्ध कायदा केला. समुद्रातल्या बोटीला हात लावता येत नव्हता, म्हणून तिची रसद तोडायची: तिच्यावर नोकरी करणं, तिला माल पुरवणं, तिच्यावर जाहिरात देणं, सगळाच गुन्हा. शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत. 15 ऑगस्टपासून ब्रिटनमध्ये तो लागू झाला. पण रॅम्झीहून बटाट्यांची पोती आणि टपाल घेऊन होडी निघाली, तर तिला अडवायचं कोणत्या कायद्यानं?

बेटानं तसाच कायदा आपणहून करावा, अशी लंडनची अपेक्षा होती. हाउस ऑफ कीजनं ते विधेयक फेटाळलं. सभापती चार्ल्स केरुइश यांना त्यात बेटाच्या स्वायत्ततेवर घाला दिसत होता. लंडननं मग मूळ कायद्यात आधीच ठेवलेलं, हुकूम काढून तो बेटालाही लागू करू देणारं कलम बाहेर काढलं. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजमुकुटाच्या सल्लागार मंडळाचा, हुकूम निघाला, आणि ऑगस्टअखेर बेटावाल्यांनी नाकारलेला कायदा बेटावर लागू झाला. गाण्यांचा प्रश्न एव्हाना बाजूलाच पडला होता.

हुकमानं कॅरोलाइन लगेच गप्प बसली नाही. ती बंद पडली मार्च 1968 मध्ये, आणि तीही कायद्यानं नव्हे, उधारीनं. रॅम्झीजवळची आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळची, अशा कॅरोलाइनच्या दोन्ही बोटींना सामान पोचवणाऱ्या डच कंपनीची देणी थकली होती. टगबोटी आल्या आणि दोन्ही बोटींना ओढून घेऊन गेल्या. ब्रिटन सरकारनं 30 सप्टेंबर 1967 पासून बीबीसीचं रेडिओ वन सुरू करून पॉपचे श्रोते आपल्याकडे वळवायला घेतलेच होते.

बेटाचा प्रश्न त्यानं सुटला नाही. ब्रिटनच्या राज्यघटनेचा विचार करायला नेमलेल्या किलब्रँडन आयोगानं आइल ऑफ मॅनसारख्या राजमुकुटाच्या बेटांचीही दखल घेतली. 1973 च्या अहवालातलं त्याचं म्हणणं असं, की अशा बाबतीत बेटाची संमती घेण्याची प्रथा आहे, पण वेळ आली तर संमतीशिवाय कायदा करण्याचा अधिकार वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे ब्रिटिश संसदेकडे, आहे. 2003 च्या ब्रिटिश दळणवळण कायद्यातही, हुकूम काढून आपल्या तरतुदी आइल ऑफ मॅनला लागू करण्याची मुभा देणारं कलम आहे.