विंधन विहिरींची सुरक्षितता आणि ग्रामपंचायत

विंधन विहिरीस पाणी लागले नाही, की तिचे तोंड बहुधा तसेच उघडे राहते. वीतभर रुंदीचे ते भोक खेळणाऱ्या बालकाच्या जिवावर बेतू शकते. २००६ साली हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात असा एक बालक सुमारे ६० फूट खोल अडकला व जवळजवळ ५० तासांनी सुखरूप बाहेर आला. सर्वच बालके इतकी सुदैवी नसतात.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी याबाबत निर्देश दिले. त्यांनुसार मालकाने किमान १५ दिवस अगोदर सरपंच वा संबंधित अधिकाऱ्यास लेखी कळविणे आवश्यक आहे. काम चालू असता भोवती काटेरी तारेचे कुंपण असावे. काम संपल्यावर केसिंग पाईपभोवती जमिनीच्या वर व खाली प्रत्येकी ०.३० मीटर असा सिमेंटचा चौथरा बांधून तोंड पोलादी झाकणाने पक्के बंद करावे. पंप दुरुस्तीस काढला तरी ते उघडे ठेवू नये. निकामी विहीर तळापासून माती, वाळू वा दगडगोट्यांनी बुजवावी.

ग्रामीण भागात देखरेखीचे काम सरपंच व कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांकडे सोपविले आहे. गावातील उघड्या विंधन विहिरींची माहिती गावकऱ्यांनाच असते. ती ग्रामसभेत घेऊन नोंदविल्यास पुढील अपघात टळू शकेल.